नाक्यावरचे बिऱ्हाड

नाका म्हटला की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. पण नावातच नाका असलेले एक गाव असे आहे, की तिथे आता कुणी कुणाला अडवीत नाही. हिंगोलीहून वाशीमकडे निघालात की वाटेत ते लागते : कनेरगाव नाका. एसटीचा वाहक नुसते 'नाका, नाका' म्हणतो आणि उतरणाऱ्यांना तेवढे पुरते. उतरले की चहाच्या टपऱ्या, बी-बियाण्यांची दुकाने, सोयाबीनची पोती लादलेला एखादा ट्रॅक्टर. कान देऊन ऐकावे, तर बाकावर बसलेला एक गृहस्थ 'कामून?' म्हणून विचारतो आणि दुसरा 'काहून?' म्हणून. पहिला मराठवाड्याचा, दुसरा वऱ्हाडचा. चहा दोघांचा एकाच किटलीतला.

हा नाका कशाचा, ते थोडे सांगायला हवे, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्याशी बांधलेली आहे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाड अशी इथली जुनी सरहद्द. वऱ्हाडही मुळात निजामाचेच. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी स्वतः हैदराबादेला जाऊन, सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडून ते कायमच्या पट्ट्याने घेतले. भाडे ठरले सालीना २५ लाख रुपये. आपल्या मुलखात एवढे मोठे घर भाड्याने गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. या सौद्यात दलाल नव्हता. मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसले. पण समोरच्याच्या हाती फौज असली, म्हणजे नुसते समोरासमोर बसून काय होते, ते पुढे दिसले. पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी घर परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना साफ नकार कळवला. १९३६ मध्ये समजूत अशी काढण्यात आली, की वऱ्हाडावर स्वामित्व निजामाचेच, आणि त्यांच्या थोरल्या चिरंजिवांनी खुशाल 'वऱ्हाडचे युवराज' असा किताब लावावा. म्हणजे दारावर पाटी मालकाची आणि आत भाडेकरू ठाण मांडून बसलेला! भाडेकरू जागा सोडत नाही, ही तक्रार काही पुण्या-मुंबईच्या वाड्या-चाळींतच जन्माला आलेली नाही.

या भल्यामोठ्या भाड्याच्या घराच्या उंबऱ्यावर हे गाव. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे निजामी जकात. आणि माणसाच्या खिशातल्या नाण्याला बट्टा. निजामाचा हाली सिक्का निराळा आणि इंग्रजी कलदार रुपया निराळा. साधारण ७ हालींना ६ कलदार असा हिशेब. इकडचा रुपया तिकडे गेला की त्याचे वजन कमी व्हायचे. रुपया तोच, खिसा तोच, घाम तोच. फक्त नदी ओलांडलेली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. माणसांचा आणि मालाचा नाका उठला. भाडेकरूंचा नाका मात्र त्यानंतरही चाळीस वर्षे उभा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मराठवाड्यातल्या शहरांत घरभाड्यासाठी १९५४ चा हैदराबादचा कायदा चाले, वऱ्हाडातल्या शहरांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम चाले, आणि मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबईचा कायदा. तिन्ही रद्द होऊन सगळ्या राज्याला एकच भाडे नियंत्रण कायदा लागला तो ३१ मार्च २००० या दिवशी. तोवर हिंगोलीचा बिऱ्हाडकरू वाशीमला गेला, की त्याचा कायदा बदलत असे. वऱ्हाडच्या हुकुमात एक गंमत होती. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी नियंत्रकाची परवानगी लागे. आणि घर रिकामे झाले की मालकाने ते सरकारला कळवायचे, मग सरकारने वाटल्यास ते बदलून आलेल्या एखाद्या सरकारी नोकराला नेमून द्यायचे. म्हणजे दलालाचे काम कचेरी करी आणि दलाली घेत नसे. निदान कागदावर तरी नाही.

मी तिथे गेलो तो मात्र २५ लाखांच्या पट्ट्यासाठी नव्हे, तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासाठी. माझ्या भाचीला हिंगोलीच्या एका शाळेत नोकरी लागली आणि त्याच सुमारास तिच्या यजमानांची बँकेतून वाशीमला बदली झाली. हिंगोलीत राहावे तर नवऱ्याने रोज दमायचे, वाशीमला राहावे तर बायकोने. 'घर पाहावे बांधून' असे आपण म्हणतो. पण ही म्हण रचणाऱ्याने घर भाड्याने घेऊन पाहिले नसावे. "मामा, तुम्ही आता निवृत्त आहात, चार दिवस या," असा निरोप आला आणि मी पिशवी घेऊन निघालो. निवृत्त मामाचा उपयोग दोनच ठिकाणी होतो : लग्नात आणि घर शोधताना.

भाचीबरोबर त्याच शाळेत रुजू झालेली तिची एक मैत्रीण होती. अविवाहित मुलगी, तिच्या आई अधूनमधून सोबतीला येऊन राहणार. दोघींच्या नेमणुका एकाच दिवशीच्या, पगार सारखे. घरे जोडीने पाहायची असे त्यांनी ठरवले होते.

सुरुवात हिंगोलीपासून झाली. हिंगोली हे मूळचे लष्करी ठाणे. हैदराबाद कंटिंजंट १९०३ मध्ये मोडली, तोवर तिथे तिची छावणी होती. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार ही वस्त्यांची नावे अजून त्या दिवसांची आठवण देतात. छावणीच्या गावाला परक्या माणसाचे नवल नसते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेली माणसे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. आता तोफा गेल्या, शिक्षक, तलाठी, बँकवाले आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आले. आणि त्यांच्याबरोबर घरांचे दलालही आले.

आमचे दलाल हा तिशीतला, हसतमुख, मोटारसायकलवर बसल्याबसल्या दोन फोनवर बोलणारा गृहस्थ. त्याने आल्याआल्याच दर सांगून टाकला.

"घर दाखवायचे दोनशे. घर पसंत पडलं तर एक महिन्याचं भाडं."

"कोणाकडून?" भाचीने विचारले.

"दोघांकडून. रीतच तशी आहे, मॅडम."

"म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे की मालकांच्या?"

तो जराही अडखळला नाही. "मी सौद्याच्या बाजूचा," म्हणाला.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही आपली जुनी म्हण या एका धंद्याने खोटी पाडली आहे. पण मला त्या माणसाचा राग आला नाही. ज्याने बैलबाजार पाहिला आहे, त्याला दलालाची किंमत कळते. दोन अनोळखी शेतकरी एकमेकांच्या तोंडावर भाव बोलायला संकोचतात; तिथे दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी आकडा सांगतो, आणि दोघांचीही अब्रू राखून सौदा जमवतो. घराच्या दलालालाही पायपीट असते, पेट्रोल असते. दहा घरे दाखवावी तेव्हा एक पटते. मेहनतीचे पैसे त्याने मागू नयेत, असे कुणी म्हणणार नाही. प्रश्न असतो तो किती, केव्हा आणि कुणी द्यायचे, हा.

भाचीने घासाघीस केली ती पाहून मला माझी बहीण आठवली. तिने आवाज चढवला नाही, 'बाकीचे अर्ध्यात करतात' असे खोटे सांगितले नाही. वही काढली आणि चार ओळी लिहिल्या. पहिली : घर दाखवण्याचे पैसे नाहीत, सौदा झाला तरच दलाली. दुसरी : दलाली किल्ली हातात पडल्यावर, अनामत देताना नव्हे. तिसरी : करार पुढे वाढला तर पुन्हा दलाली नाही. चौथी : जे पैसे घ्याल त्याची सही-तारखेनिशी पावती. मग म्हणाली, "हे चारही मान्य असेल, तर अर्ध्या महिन्याचं भाडं. आम्ही दोघी आहोत. तुम्हाला एका फेरीत दोन गिऱ्हाइकं."

"अर्ध्यात पेट्रोलसुद्धा निघत नाही," असे तो म्हणाला खरा. पण तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून तो थोडा वेळ गप्प राहिला. अकरा महिन्यांनी करार नवा करताना पुन्हा हात पुढे करायचा, यातच खरी साय असते हे मला तेव्हा समजले. अखेर तो हसला आणि मान्य झाला. सात हजारांचे घर असेल तर दलाली साडेतीन हजार.

दोन दिवसांत सहा घरे पाहिली. एकात पाणी नव्हते, एकाला खिडकी नव्हती, एकाला दोन्ही होते पण भाडे नऊ हजार. आणि घर कितीही चांगले असले, तरी नवऱ्याची वाशीमची ये-जा काही त्याने चुकत नव्हती. तिसऱ्या दिवशी भाचीच्या यजमानांनीच नकाशा पसरला आणि मधोमध बोट ठेवले. बोटाखाली कनेरगाव नाका होते. एसटी आहे, अकोला-पूर्णा मार्गावरचे रेल्वे स्थानक आहे, राष्ट्रीय महामार्ग १६१ तिथूनच जातो. दोघांनीही निम्मे-निम्मे दमायचे, असा तो तोडगा होता. मैत्रीण म्हणाली, "मीही तिकडेच पाहते. भाडं कमी पडेल, आणि शाळेला जायला सोबत होईल."

नाक्यावर दलाल नव्हता. चहावाले काका होते. आम्ही घराचे नाव काढताच त्यांनी किटली खाली ठेवली आणि विचारपूस सुरू केली. गाव कोणते? मूळ गाव कोणते? आडनाव? त्या आडनावाचे एक मास्तर पुसदला होते, ते कोण? जावईबापू कुठले? नोकरी पक्की की कंत्राटी? मुलेबाळे? घरात खाणेपिणे कसे? मध्येच गिऱ्हाइके येत होती, चहा पीत होती आणि आपापले दोन प्रश्न जोडून जात होती. चाळीस मिनिटांनी असे निष्पन्न झाले, की भाचेजावयांच्या गावी काकांच्या साडूंची शेती आहे. झाले! काकांनी टपरी पोराच्या हवाली केली, आणि स्वतः येऊन दोन खोल्यांचे घर दाखवले. पुढे ओसरी, मागे न्हाणी, अंगणात तुळस, एक दिवसाआड नळ. भाडे साडेतीन हजार, अनामत एका महिन्याची. दलाली विचारली तर काकांनी कानांना हात लावले. आम्ही प्यालेल्या चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

वाचकहो, शहरात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून गहिवरून येते. 'पाहा, खेड्यात अजून माणुसकी आहे,' असे आपण म्हणतो आणि दिवाळी अंकातल्या लेखाला शेवट सापडतो. माझाही लेख इथे संपला असता. पण आम्ही दोन बिऱ्हाडे शोधत होतो.

पलीकडच्या गल्लीत आणखी एक खोली रिकामी आहे, असे काकांनीच सांगितले होते. आम्ही सगळेच गेलो. घरधनीण अगत्याची होती. खोली झाडलेली होती. तिने पाणी दिले, चुलीची जागा दाखवली, 'पोरगी एकटी आहे, तर आमचीही सोबत होईल,' असे आपणहून म्हणाली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "आडनाव काय म्हणालात?"

मैत्रिणीने सांगितले. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. वाचकांनी ते मनातल्या मनात ओळखले आहेच. आणि असे न सांगता ओळखता येते, हीच तर सगळी गोष्ट आहे.

"मालक आले की सांगते," बाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की खोली पाहुण्यांना द्यायचे ठरले आहे. भाची त्याच गावात राहते. एसटीकडे जाताना ती गल्ली तिच्या वाटेवर आहे. पुढे तीन महिने त्या खोलीला कुलूप होते. पाहुणे आले नाहीत.

मैत्रीण काही बोलली नाही. तिच्या आई मात्र मला म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला सवय आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." माझी समजूत त्यांनी काढावी, याचेच मला ओशाळवाणे वाटले.

मग त्या दोघी हिंगोलीला परतल्या आणि त्याच दलालाला भेटल्या. त्याने घर मिळवून दिले, हे खरे. चांगले, हवेशीर, शाळेपासून जवळ. भाडे सात हजार. पण दलाली मागितली दीड महिन्याची : साडेदहा हजार. भाचीने वही पुढे केली, चार ओळी दाखवल्या. तो ओळी नाकारत नव्हता, फक्त दराबद्दल म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी दोन दारं वाजवली असती. यांच्यासाठी नऊ वाजवली. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला. तो माणूस दुष्ट नव्हता. नऊ दारांची पायपीट त्याने खरोखर केली होती. पण ती नऊ दारे बंद कुणी केली? ज्यांनी केली त्यांनी एक पैसाही भरला नाही. आणि जिच्या तोंडावर बंद झाली, तिने भुर्दंड भरला. दोन शिक्षिका, एकच शाळा, एकच पगार, भाडेही तेवढेच. एकीची दलाली साडेतीन हजार आणि दुसरीची साडेदहा. मधले सात हजार रुपये ही आडनावावरची करोडगिरी.

नाक्यावर उभे राहून मला त्या जुन्या हाली-कलदाराचा अर्थ नव्याने कळला. बिनदलालीचे घर आपल्याला फुकट मिळाले असे वाटते, पण ते फुकट नसते. तिथे ओळख नावाचे नाणे चालते. साडू, मेहुणे, मूळ गाव, आडनाव या सगळ्यांचा खुर्दा आपल्या खिशात जन्मतःच असतो, म्हणून तो खर्च झाल्याचे कळत नाही. रझाकारांच्या धामधुमीत, १९४७-४८ साली, मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. त्यांच्यातल्या अनेकांना आसरा मिळाला तो याच नाण्यावर. ते वाईट नाणे आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या खिशात ते नाही, त्याला रोकड मोजावी लागते, आणि वर बट्टा.

या बट्ट्याची सर्वांत प्रसिद्ध हकीकत बडोद्याची आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात दीड रुपया रोजाने ते राहिले, तेही पारशी नावाने नोंद करून. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली मंडळी आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. कोलंबियात शिकलेला माणूस, सरकारी हुद्दा, खिशात भाड्याचे पैसे. आणि तरी घर नाही. ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. घर मागणारा उच्चवर्णीय नावाचा असला तर घर सहज मिळे. दलित किंवा मुसलमान नावाचा असला तर नकार येत, नाहीतर भाडे आणि अटी वाढत. शंभर वर्षांत बडोद्याहून दिल्लीपर्यंत नाका हललाच नाही.

कायदा नाही असे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहायला अटकाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. पण घरमालक कारण सांगतच नाही. तो म्हणतो, 'पाहुण्यांना द्यायचे ठरले.' पाहुण्यांवर खटला कसा भरणार?

दलालीचे मात्र काही करता येण्यासारखे आहे, आणि जगात ते झालेही आहे. जर्मनीत १ जून २०१५ पासून नियम असा, की भाड्याच्या घरासाठी दलाल ज्याने बोलावला त्यानेच दलाली द्यायची. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून असली फी घ्यायलाच बंदी आहे. न्यूयॉर्क शहरात जून २०२५ पासून, मालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे भाडेकरूच्या माथी मारता येत नाहीत. आपल्याकडेही हा विचार परका नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असे ठरले तेव्हा तत्त्व हेच होते : दुबळ्याच्या खिशात हात घालू नये. घरांच्या दलालीचा दर मात्र आपल्याकडे कोणत्याही कायद्यात बांधलेला नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा दलालांची नोंदणी मागतो, पण ती प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. भाड्याचा दलाल त्याच्या बाहेरच राहिला. म्हणून आज तरी भाचीच्या वहीतल्या चार ओळी हाच भाडेकरूचा कायदा.

दुसरी गोष्ट, करार लेखी करावा आणि नोंदवावा. पुष्कळांना वाटते, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. ते १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, एका वर्षावरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची होती तेव्हाचे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा असे केले, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नाक्यावरचे आमचे घरमालक हे ऐकून आधी रागावले, मग घाबरले आणि शेवटी म्हणाले, "मग करून टाका कागद. आपल्याला काय लपवायचं आहे?"

आता राहिला मुख्य भाग, आणि तो तुमचा-माझा आहे. हा अंक ज्यांच्या घरी जातो त्यांच्यापैकी कितीतरी जण आता भाडेकरू राहिलेले नाहीत. मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशात, आणि पुण्या-नाशकाला, संभाजीनगरला एक जास्तीचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला. दिवाळी झाली की तो भाड्याने द्यायचा आहे. दलालाला फोन कराल, तेव्हा तो तुम्हाला विचारील, 'माणसं कशी पाहिजेत?' हा एवढासा प्रश्न, आणि त्याला आपण दिलेले उत्तर, हाच तो नाका. आपण शब्द मोठे मवाळ वापरतो : 'आपल्यातली', 'शाकाहारी', 'चांगल्या घरची'. त्या शब्दांचा हिशेब कुणीतरी मुलगी साडेदहा हजारांनी चुकता करते. भाडे वेळेवर येईल का, घर नीट ठेवतील का, किती जण राहतील, नोकरी कुठे, हे जरूर विचारावे; ते मालकाच्या हक्काचे आहे. बाकीचे विचारायचे नाही, असे दलालाला आपणच सांगितले, तर त्याला दारे कमी वाजवावी लागतील आणि त्याचा दरही आपोआप खाली येईल. आणि दलाल आपण बोलावला असेल, तर त्याची दलालीही आपणच द्यावी.

भाचीच्या मैत्रिणीच्या घराचे अकरा महिने मागच्या उन्हाळ्यात भरले. घासाघीस करून तिने ती दलाली अखेर एका महिन्यावर आणली होती आणि पावतीही घेतली होती. घरमालकाने करार पुढे वाढवायचे ठरवले. नोंदणीला जाण्याच्या आदल्या दिवशी दलालाचा फोन आला, की नव्या कराराची दलाली तयार ठेवा. तिने तिसरी ओळ वाचून दाखवली, तारखेसकट, सहीसकट. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आता पक्क्या हिंगोलीकर झालात. माझ्याकडे एक नवी शिक्षिका आली आहे, उद्गीरची. घर दाखवायला तुम्ही बरोबर याल का? तुम्ही असलात, तर मालक लोक जरा जपून बोलतात."

ती गेली होती. त्या मुलीला घर चौथ्या दारात मिळाले.